आत्याचा बिब्बा

बस्त्याच्या गादीवर बसलेली नवरीची आई शालू ठरल्याशिवाय उठत नाही, अशी सिंधुची आजवरची समजूत होती. मथुरावहिनी मात्र तिसरा शालू उलगडत असतानाच उठल्या. ऋतुजाने मोबाइल पुढे धरून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. वहिनींनी पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कॅन्सर म्हंजी? टाचंला?"

नांदेडच्या वजिराबादमधल्या त्या दुकानात तेव्हा तीन लग्नांचे बस्ते एकदम चालू होते. शेजारच्या गादीवरच्या बायकांनी हातातली लुगडी तशीच धरून माना वळवल्या. शालू दाखवणारा माणूस पदर पसरून उभा होता. तो मिटावा की अजून पसरावा, हे त्याला कळेना.

लग्न सिंधुच्या मुलाचं, सोमेशचं होतं, आणि नवरी ऋतुजा ही तिच्या थोरल्या भावाची, शेषेरावांची मुलगी. आपल्याकडे मामाची मुलगी करून आणायची हौस मोठी. सिंधुलाही होती, आणि दिवाळीपासून ती त्या हौसेच्या पाठीमागे लागली होती. आज रेणापूरहून ती, तिचे मालक बालाजीराव आणि सोमेश आले होते. अर्धापूरहून भाऊ, वहिनी आणि ऋतुजा. एकोणीस दिवसांवर तिथी होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

ऋतुजा नांदेडलाच एका औषधी दुकानात कामाला होती. डी. फार्म झालेली, डोक्याने तेज आणि जिभेने बापावर गेलेली. पंधरवड्यापूर्वी तिला शेषेरावांच्या चपलेत वाळलेलं रक्त दिसलं. तिने चार दिवस बापाचं डोकं खाल्लं आणि शेवटी त्यांना कातडीच्या डॉक्टरकडे नेलंच. त्याने डाव्या टाचेवरच्या काळ्या डागाचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट आज, नेमका बस्त्याच्या गादीवर, तिच्या मोबाइलवर येऊन पडला होता.

त्या डागाला घरात नाव होतं, आत्याचा बिब्बा. तीन वर्षांपूर्वी पोळ्याला सिंधु माहेरी आलेली असताना शेषेरावांच्या टाचेत येड्या बाभळीचा काटा मोडला होता. केळीच्या बागेत हा माणूस पायात कधी काही घालायचा नाही. सिंधुने काटा काढला, सुईने बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल जखमेत सोडलं. जखम बरी झाली. काळा डाग राहिला. पाव्हणे आले की शेषेराव टाच वर करून दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या सिंधीनं मला डागून ठिवलंय बगा, बैलावानी."

आता तेच मथुरावहिनींना आठवलं. त्या वळून सिंधुकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या बिब्ब्यानं केलं हे, वन्सं. जाळून जाळून कातडं नासवलं."

"आई, बिब्ब्याचा काय संबंध? मला पुरतं वाचू तर दे," ऋतुजा म्हणाली. आवाज तिने धरून ठेवला होता. "मेलानोमा म्हणून लिहिलंय. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांचा कॅन्सर. जाडी किमान तीन मिलिमीटर. किमान म्हंजी खाली अजून असू शकतं, तुकडा तेवढाच काढला होता. आन वरची कातडी फुटून जखम झालीया, असं बी हाय."

"तीन मिलिमीटर?" शेषेरावांनी विचारलं. त्यांनी दुकानदाराच्या पुढ्यातला टेप ओढला, डोळ्यांजवळ नेला आणि त्यावरच्या तीन बारक्या रेघा अंगठ्याच्या नखाने मोजल्या. मग ते हसले. "ह्ये बगा. इवढंच. धोतराच्या काठाला बी पुरत न्हाई. ह्याच्यापायी बस्ता थांबवून राहिलात? बस मथुरे."

"पप्पा, ते लांबी-रुंदीचं न्हाई. आत किती उतरलंय त्याचं माप हाय."

"आसंल. एकोनीस दिसांत कुठं पळून जातंय? तीन वर्सं माझ्यासंगं हिंडलं, अजून एकोनीस दिस हिंडंल. तुझं लगीन झालं की दुसऱ्या दिशी जातो. माझा सबूद."

ऋतुजाने नकारार्थी मान हलवली. कॅन्सरच्या सर्जन असलेल्या डॉ. धम्मप्रिया लोणे यांना तिने रिपोर्ट आल्याआल्याच पुढे पाठवला होता आणि त्यांनी तीन वाजता बोलावलं होतं. मथुरावहिनी लगेच म्हणाल्या, "चला, आत्ताच चला. बस्ता काय, उद्या बी फाडता येतो."

इथवर सगळं सरळ होतं. बापाला नेणाऱ्या दोघी एका बाजूला आणि न जाणारा बाप दुसऱ्या बाजूला. नेहमीसारखं भांडण होऊन अर्ध्या तासात बाप नमला असता. पण बालाजीराव खाकरले. गावच्या सोसायटीचे दहा वर्षं चेअरमन राहिल्यामुळे त्यांना कुठल्याही बैठकीत शेवटचा शब्द आपलाच असावा असं वाटायचं, आणि ही बैठक गादीवरची असली तरी बैठकच होती.

"दवाखाना कुणी नको म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पर आज गेलं की तिथं अडकवून घेत्यात. ऑपरेशन, मग ड्रेसिंग, मग अजून काय. म्हंजी लगीन पुढं. आमचे पाव्हणे निलंग्यापासून येणार हायत, त्यांना काय सांगू? आन..." त्यांनी आवाज उतरवला, पण पुरेसा नाही. "ह्यो रोग घराण्यात उतरतो का, ते बी एकदा इचारावं लागंल. पोरीच्या जातीचं हाय."

सोमेश म्हणाला, "बाबा!"

"मी काय वाईट बोललो? इचारावं लागंल म्हणलं."

मथुरावहिनींचा चेहरा सिंधुच्या डोळ्यांदेखत बदलला. त्या उभ्या होत्या त्या हळूहळू खाली बसल्या. पदर सारखा केला, पुढचा शालू हाताने ओढला आणि शालूवाल्याला म्हणाल्या, "ह्यो जांभळा नीट दावा. पदर कसा हाय?"

"आई?"

"त्ये म्हणतात ते खरंच हाय, ऋतु. इतकं दिस काय झालं न्हाई. लगीन होऊ दे."

सिंधुला वहिनींचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. एका वाक्यात नवऱ्याची बाजू सोडून लेकीची धरावी लागली होती बाईला, आणि ते वाक्य सिंधुच्याच नवऱ्याने टाकलं होतं. आता बोलणाऱ्या चौघांत तिघं एकीकडे झाले. एकटी ऋतुजा मोबाइल धरून उभी राहिली. सोमेश खाली मान घालून बसला होता.

आणि सिंधु कुठे होती? सिंधु त्या सगळ्यांपेक्षा एक गोष्ट जास्त जाणून होती.

साखरपुड्याच्या दिवशी, दीड महिन्यापूर्वी, अर्धापूरला जेवणं उरकल्यावर शेषेरावांनी तिला पाण्याच्या टाकीमागे बोलावून घेतलं होतं. "सिंधे, अवधाण आलंय बग मला," ते म्हणाले होते. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. लहानपणी दोघांनाही ती कितीदा आली असेल. "सुपारीएवढी झालीया. मथुरेला सांगू नको, ती गाव गोळा करंल. सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

सिंधुने तेव्हा मान डोलावली होती. अवधाणच असेल, असं तिनेही स्वतःला सांगितलं होतं. पण कातडीच्या डॉक्टरने जांघेत काही लागतंय का म्हणून विचारलं तेव्हा आण्णाने, म्हणजे शेषेरावांनी, लेकीसमोर साफ न्हाई म्हणून सांगितलं, हे ऋतुजाकडून ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती.

तिने भावाकडे पाहिलं. तो टेपची गुंडाळी करत होता. वर न बघताच त्याने मान अगदी बारीक हलवली. बोलू नकोस.

शपथ ही सिंधुला खरी वाटायची. आजच्या पोरांना हसू येईल, पण तिला येत नव्हतं. आईच्या आजारपणात एकदा तिने शपथ मोडली होती आणि आई आठ दिवसांत गेली होती. तेव्हापासून तिने कुणाच्या शपथेला हात लावला नव्हता. बोललं तर भाऊ जाईल, अशी त्यानेच गाठ मारून ठेवली होती. आणि गप्प बसलं तर? लग्न थाटात झालं असतं, सून घरात आली असती, सगळे खूश.

"आण्णाच्या जांघेत गाठ हाय," सिंधु म्हणाली.

टेप थांबला.

"साखरपुड्याच्या आधीपासून हाय. तवा सुपारीएवढी होती. आता केवढी झाली, मला ठावं न्हाई."

"आत्या!" ऋतुजाचा धरून ठेवलेला आवाज पहिल्यांदा फुटला. "अगं, मी आठ दिवस देवाला हीच प्रार्थना करून राहिले, की गाठ नसू दे म्हणून."

शेषेरावांनी टेप खाली ठेवला. "सिंधे, मी तुला शपथ घातली होती."

"घातली होतीस."

"मग?"

"मग काय, आण्णा. मोडली."

त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर तिने या आधी एकदाच पाहिली होती. वाटणीच्या वेळी चुलत्याने खोटी साक्ष दिली तेव्हा. सोमेश उठला, त्याने मामांच्या चपला दारातून उचलून त्यांच्या पायांशी आणून ठेवल्या आणि म्हणाला, "मामा, चला. तीन वाजायला आले." बालाजीरावांनी तोंड उघडलं, तर तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, लग्न माझं हाय." पोरगा असा बोलू शकतो हे सिंधुलाही नवीन होतं.

शालू कुणीच घेतला नाही.

डॉ. धम्मप्रिया लोणे चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, भरभर न बोलणाऱ्या. मथुरावहिनींनी खोलीत शिरल्याशिरल्या विचारलं, "बाई, बरं होईल ना?" त्यावर त्या नुसत्या "बसा" म्हणाल्या. लेकीसमोर धोतर सैल करायला शेषेराव तयार होईनात, तेव्हा त्यांनी बायकांना बाहेर काढलं, सोमेशला पडद्याआड थांबवलं आणि तपासणी केली. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि सिंधु यांच्यात एका माणसाची जागा मोकळी होती. बालाजीराव उगाच पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन उभे राहिले.

पुन्हा आत बोलावलं तेव्हा डॉक्टर हात पुसत होत्या.

"दोन गाठी आहेत. कडक आहेत. शेषेराव, अवधाण दुखतं ना?"

"दुकतं की."

"आणि चार-आठ दिवसांत उतरतं. ह्या दुखतात?"

शेषेरावांनी धोतर सारखं केलं. "न्हाई."

"म्हणून त्या अवधाण नाहीत. सुई घालून पाणी काढलंय, उद्या नक्की कळेल. पण मी तुम्हाला आजच सांगते, टाचेतला रोग वर तिथवर आलाय, असं मी धरून चाललेय."

वहिनींच्या तोंडून बारीक आवाज निघाला. बालाजीरावांनी खुर्चीची पाठ धरली. विचारायचं ते शेवटी त्यांनीच विचारलं, कारण गप्प बसणं त्यांना जमत नव्हतं. "डॉक्टरबाई, मानूस किती दिस... म्हंजी अंदाज?"

"तो आज मी सांगणार नाही. का ते सांगते." त्यांनी रिपोर्टच्या पाठीवर पेनने कातडीच्या दोन-तीन रेघा ओढल्या आणि वरून खाली एक काळी टोकदार खूण उतरवली. "ह्या रोगात डाग किती पसरलाय ह्यापेक्षा आत किती खोल गेलाय ते महत्त्वाचं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं नुसत्या ऑपरेशनवर बरी होतात. ह्यांचं तीनच्या पुढे आहे. दुसरं, वरची कातडी फुटलीय. तीही चांगली खूण नाही. तिसरं म्हणजे गाठी. किती गाठींत गेलाय, हाताला लागण्याएवढा वाढलाय की आत बारीक आहे, ह्याने फरक पडतो. आणि सगळ्यात मोठं, गाठींच्या पलीकडे फुफ्फुसात, लिव्हरमध्ये गेलाय का. ते स्कॅनशिवाय कळत नाही. शिवाय तळपायाचा असला की लोक उशिरा येतात. कुणी स्वतःचा तळपाय रोज बघत नाही."

"आन बघितला तर बिब्बा म्हणत्यात," मथुरावहिनी म्हणाल्या.

"बिब्ब्याने कॅन्सर झालेला नाही. ते मनातून काढून टाका. पोरीला होईल का, अशी भीती कुणाच्या मनात असेल तर त्यांनाही सांगते, ह्या जागचा सहसा घराण्यातून येत नाही." बालाजीरावांची मान खाली गेली. "बिब्ब्याने एकच केलं. डागाला एक नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यावर कुणी पुन्हा बघितलं नाही."

हे ऐकून वहिनी जरा सैल झाल्या. त्यांनी सिंधुकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मघाची धार नव्हती. सिंधुला तेवढ्यावर थांबता आलं असतं. गाठीचं सांगून तिने भावाला दवाखान्यात आणलं होतं, बिब्ब्याचा आरोप डॉक्टरांनीच उतरवला होता. सगळ्यांत धुतल्या तांदळासारखी तीच उरली होती. तेच तिला सहन होईना.

"बाई," ती म्हणाली, "दिवाळीत दाखवलं असतं तर?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "कशाला विचारताय?"

"मला तवाच कळलं होतं."

मथुरावहिनींनी मान वर केली.

"मी गावात शंभर जणांना बिब्बा लावला आसंल," सिंधु सांगू लागली. ती डॉक्टरांकडे बघत होती, दुसरीकडे बघायची तिची छाती नव्हती. "कातड्यावर बिब्ब्याचा डाग महिनाभर ऱ्हातो, लई तर दीड महिना. मग कातडं जातं तसा डाग बी जातो. तीन वर्सं न्हाई राहत. भाऊबीजेला आण्णाच्या पायाला तेल लावताना मी बघितला. कडा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. मधी काळा, भवतीनं तपकिरी. आण्णा म्हणला, तुझा बिब्बा काय जाईना गं. मला वाटलं, सांगावं की ह्यो माझा न्हाई. पर त्या दिवशी मी ऋतुजाला मागनं घालायला आले होते. चांगल्या दिवशी दवाखान्याचं नाव कशाला काढा, म्हणून हसले. म्हणलं, माझा हात हाय त्यो, आसा जायचा न्हाई."

सिंधुला वाटलं, आता ह्या म्हणतील की काही फरक पडला नसता. डॉक्टर लोक तसं म्हणतात. ती त्या एका वाक्यासाठी थांबून राहिली.

"पाच महिन्यांपूर्वी तो आजच्यापेक्षा पातळ असणार," डॉक्टर म्हणाल्या. "किती, ते मला सांगता येणार नाही. गाठी तेव्हा होत्या की नव्हत्या, तेही कुणालाच सांगता येणार नाही. पण काहीच फरक पडला नसता, असं मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी."

मथुरावहिनी उठून उभ्या राहिल्या. या वेळी त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा मोठा नव्हता. "म्हंजी माझी लेक पाहिजे होती तुमाला. म्हणून माझ्या मालकाचा पाय..." त्यांना पुढे बोलवेना. ऋतुजाने त्यांना धरलं, त्यांनी तिचा हात बाजूला केला. "लेक दिली, ती दिली. तिचं लगीन मी मोडणार न्हाई, पोरगं सोन्यावानी हाय तुमचं. पर तुम्ही माझ्या उंबऱ्यावर पाय ठिवू नका वन्सं. हे चालत-फिरत घरी येईस्तोवर न्हाई. आन न्हाई आले तर कधीच न्हाई."

सिंधुने भावाकडे पाहिलं. आता तरी तो म्हणेल, मथुरे, गप. लहानपणापासून तिच्यासाठी बापाशी, मास्तराशी, साऱ्या भावकीशी भांडलेला माणूस तो. शेषेराव टेबलावरच्या त्या चित्राकडे बघत होते. डॉक्टरांनी काढलेल्या काळ्या टोकावर त्यांनी अंगठा ठेवला, जसा मघाशी टेपवर ठेवला होता, पण आता ते हसले नाहीत.

"स्कॅन कवा करायचा, बाई?" त्यांनी विचारलं.

"आठवड्याच्या आत. मग ऑपरेशन. टाच आणि जांघ, दोन्ही. त्यानंतर सलाईनमधून द्यायची औषधं आहेत, ती काही जणांना चांगली लागू पडतात. लग्नाचं म्हणाल तर एकोणीस दिवसांनी जग बुडत नाही, मान्य. पण मग मांडव परतणी येईल, सत्यनारायण येईल, पेरणी येईल. मी बघितलीयत अशी माणसं."

"लगीन पुढं ढकला," शेषेराव बालाजीरावांना म्हणाले. "माझे टाके निघाले की करू. निलंग्याच्या पाव्हण्यांना माझं नाव सांगा."

बालाजीराव म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." त्या दिवसातलं त्यांचं ते एकच छोटं वाक्य.

जिना उतरताना शेषेराव टाच उचलून चालत होते. सिंधुने सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो बघितला आणि सोमेशच्या खांद्याचा आधार घेतला.

नांदेडला स्कॅनची तारीख दहा दिवसांनंतरची मिळत होती, लातूरला चौथ्याच दिवशीची मिळाली. म्हणजे शेषेराव लातूरला येणार. रेणापूरपासून अर्ध्या तासावर. तीस वर्षांत हा माणूस लातूरला आला आणि सिंधुच्या घरचा चहा न पिता गेला, असं एकदाही झालं नव्हतं. बाजार असो, कोर्टाची तारीख असो, वाट वाकडी करून यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "सिंधे, चुलीवर ठेव."

सोमेश सकाळी सहाला मोटारसायकल काढून गेला. "मामांसोबत कुणीतरी पायजे," एवढंच म्हणाला. तू येतेस का, असं त्याने विचारलं नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही. दिवसभर ती काम काढत राहिली. ज्वारी निवडली, निवडलेली पुन्हा निवडली. बालाजीराव दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा म्हणाले, "गाडी काढू का? बाहेर उभं राहू. आत न्हाई जायचं."

"नको," सिंधु म्हणाली. "वहिनींनी सांगितलंय."

"वहिनी रागात बोलल्या."

"खरं बोलल्या."

बालाजीराव तिच्याजवळ पाटावर बसले. त्या दिवशी दुकानात घराण्याचं काढलं ते त्यांना खुपत होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण समोरची परात ओढून ज्वारीतले खडे वेचायला लागले. चेअरमनांनी खडे वेचलेले सिंधुने लग्नापासून पाहिले नव्हते.

रात्री सोमेश परतला. स्कॅन झालं होतं, रिपोर्ट उद्या. मामांनी दिवसभरात तिचं नाव काढलं का, हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही, आणि त्यावरून तिला काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. ऋतुजाचं नाव बघून तिने तो तसाच हातात धरला. बालाजीरावांनीच बटण दाबून फोन तिच्या कानाला लावला.

"आत्या," ऋतुजा म्हणाली. मागे मथुरावहिनींचा आवाज नव्हता. "रिपोर्ट आला. फुफ्फुसं साफ हायत. लिव्हर साफ. डोक्यात बी काय न्हाई. जांघेतच हाय, दोनाच्या तीन गाठी निघाल्या. सोमवारी ऑपरेशन."

सिंधुने भिंतीला हात लावला. "म्हंजी बरा होईल?"

"तसं न्हाई गं. डॉक्टर म्हणाल्या, गाठींत गेलाय, म्हंजी परत यायची भीती हाय. दोन-तीन वर्सं दर थोड्या महिन्यांनी तपासावं लागंल. पर पलीकडं गेला असता तर त्या येगळंच बोलल्या असत्या. वाट अवघड हाय म्हणाल्या. बंद न्हाई."

"तू मला फोन केलास, तुझी आई चिडंल."

"आई पाणी भरायला गेलीया." ऋतुजा म्हणाली. "मी न्हाई केला, आत्या. पप्पांनी लावायला सांगितला."

सिंधुने फोन दोन्ही हातांनी धरला. "दे त्याला. दे लवकर."

"ते बोलत न्हाईत. मी म्हणलं बोला, तर मान हलवली. स्पीकर चालू करून मधी ठिवायला लावलाय." ऋतुजाचा आवाज बारीक झाला. "ऐकून राहिलेत."

चार-पाच दिवस सिंधुने मनात खूप बोलून ठेवलं होतं. चूक झाली आण्णा, पाया पडते, माझं आयुष्य तुला लागो, सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आता तोंडात येईना. बालाजीराव तिच्याकडे बघत होते. पलीकडे खाटेची करकर ऐकू आली, आणि मग एक दमलेला श्वास. तो श्वास तिने हजारांत ओळखला असता.

"आण्णा," ती म्हणाली, "जेवलास का?"

उत्तर आलं नाही.

"जेवत जा. ऑपरेशनला अंगात रगत लागतं. टाच खाली टेकवू नको, बागेत जाऊ नको. केळीला पाणी सोमेश येऊन दील, मी धाडते त्याला." ती बोलत राहिली. म्हैस व्यायला झालीय ते सांगितलं, शेजारच्यांनी बोअर घेतला ते सांगितलं, बालाजीरावांनी ज्वारी निवडली तेही सांगितलं. थांबायची तिला भीती वाटत होती. थांबलं की तो फोन बंद करील. सांगण्यासारखं संपलं तेव्हा ती ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. पलीकडून शेषेराव एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांनी फोनही ठेवला नाही.